बाजूला काढलेला घास

जपानला जाऊन माकडं बघायला निघालो आहे, असं पुण्यात कोणाला सांगितलं असतं तर "त्यासाठी माथेरान काय वाईट होतं?" एवढंच ऐकावं लागलं असतं. पण निघालो खरा. माझा मुलगा अमेय तोक्योच्या एदोगावा भागात राहतो. त्याची मुलगी इरा, वय तेरा. महिन्यातल्या एका शनिवारी ती एका संशोधक गटाबरोबर चिबाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात जाते. गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलेली एक माकडीण आहे. गाडीतून हिंडत तिचा माग काढायचा आणि कळप कुठवर आला आहे ते नोंदवायचं, हे काम. मुलांबरोबर घरातलं मोठं माणूस लागतं. त्या शनिवारी अमेयला ऑफिसचं काम निघालं आणि मोठं माणूस म्हणून माझी वर्णी लागली.

आगगाडीत इराने दंडावर हिरवी पट्टी बांधली. तिला 'वानशो' (स्वयंसेवकाची खूण म्हणून बांधायची पट्टी) म्हणतात. खिडकीच्या काचेत ती पट्टी चारदा तरी न्याहाळून झाली.

"आजोबा, नेक्स्ट टाइम ॲन्टेना मी धरणार. मोरी-सान ओके म्हणाल्या तर."

"म्हणतील की. न म्हणायला काय झालं?"

"तसं नसतं," ती म्हणाली. पोरीने वर्षभर या एका गोष्टीची वाट पाहिली होती, हे मला सूनबाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. जेवायला बसलो की पहिला घास मी पाखरांसाठी बाजूला काढतो. वडील काढायचे, म्हणून मीही काढतो. पुण्यात तो गॅलरीच्या कठड्यावर ठेवतो आणि कावळा येऊन नेतो. एदोगावात हेच केलं, तर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बाईंनी अमेयला गाठलं आणि वाकून वाकून काहीतरी सांगितलं. "बाबा, इथे कावळ्यांना घालत नाहीत हो. ते कचऱ्याच्या पिशव्या फाडतात," अमेय मला म्हणाला. मी बंद केलं. पण रोज जेवताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

डोंगरातलं स्टेशन म्हणजे एक बाकडं आणि एक छप्पर. बाहेर छोट्या पांढऱ्या गाडीपाशी मोरी-सान ('सान' म्हणजे आपल्या 'जी'सारखं) उभ्या होत्या. या गटाच्या प्रमुख, वयाने अमेयपेक्षाही लहान, उन्हाने रापलेल्या आणि कमी बोलणाऱ्या. निघण्यापूर्वी त्यांनी दोन नियम सांगितले आणि इराने ते मला मराठीत समजावले.

"एक, बाहेर काही खाणं टाकायचं नाही. माकडांना आपल्या जेवणाची टेस्ट लागली की ती गावात येतात. मग गावातले लोक पिंजरा लावतात. पिंजऱ्यात गेलं की ते परत येत नाही, आजोबा. मारतात. आणि दोन, जे पाहिलं तेच सांगायचं. वाटलं तर 'वाटलं' म्हणायचं."

मी मान डोलावली. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेल्या माणसाला नियम काय शिकवायचे, असाही एक विचार मनात येऊन गेला.

गाडी इतकी लहान की माझे गुडघे हनुवटीला टेकत होते. रस्ता वेड्यावाकड्या वळणांचा. एका बाजूला बांबूचं दाट बन आणि दुसऱ्या बाजूला खाली चिमुकली गावं. घराघरापुढे 'काकी'ची (टोमॅटोसारखं दिसणारं केशरी गोड फळ) झाडं लगडलेली होती आणि त्यांच्याभोवती विजेच्या तारांचं कुंपण होतं. दर वळणावर गाडी थांबे, मोरी-सान ॲन्टेना उंच धरून सावकाश फिरवत, आणि हातातल्या यंत्रातून टिक टिक ऐकू येई. त्या माकडिणीचं नाव उमे, म्हणजे आलुबुखारा. एकदा मी जोरात ओरडलो, "ते बघा माकड!"

"पाहिलंत की वाटलं?" इराने विचारलं. निरखून पाहिलं तर झाडाचं खोड होतं. गाडीत हसू फुटलं. मोरी-सानही हसल्या. मीसुद्धा हसलो.

दुपारी एका जुन्या दगडी बांधापाशी आम्ही जेवायला थांबलो. त्या दोघींनी ओनिगिरी (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा) काढल्या. मी सूनबाईंनी दिलेला पोळी-भाजीचा डबा घेऊन जरा पलीकडे, बांधाच्या मागच्या बाजूला टेकलो. ऊन छान पडलं होतं, आजूबाजूला कोणी नव्हतं. कितीतरी दिवसांनी मोकळ्या आभाळाखाली जेवत होतो. साजूक तुपाची पोळी मोडली, पहिला घास दगडावर ठेवला आणि त्याच्याभोवती पाणी फिरवलं. घास कसला, चांगली चतकोर पोळी होती. टाकणं वेगळं आणि ठेवणं वेगळं, अशी मनाची समजूतही घालून झाली. नियम मला पाठ होता. तरी ठेवला.

जेवण करून आम्ही डोंगराला वळसा घालायला निघालो. थोड्या वेळाने टिकटिक वाढू लागली आणि मोरी-सानच्या कपाळाला आठी पडली. आवाज मागून, आम्ही जेवलो त्याच बाजूने येत होता. गाडी वळवून परत आलो, तर बांधावर उमे बसलेली. गळ्यात पट्टा, पोटाशी पिल्लू आणि हातात माझी पोळी. पिल्लू तिच्या हातातला तुकडा ओढून तोंडात कोंबत होतं.

मोरी-साननी हॉर्न दाबला, खाली उतरून टाळ्या वाजवल्या, ओरडल्या. उमे पळाली खरी, पण लांब नाही. काही अंतरावर थांबून मागे वळून पाहत राहिली. दगडाशी पडलेला उरलेला तुकडा मोरी-साननी उचलला, हुंगला आणि आमच्याकडे वळून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कळायला जपानी येण्याची गरज नव्हती.

मी तोंड उघडणार तोच इरा पुढे झाली, काहीतरी बोलली आणि कमरेत वाकली. मोरी-सानचा चेहरा थोडा निवळला. त्यांनी नोंद लिहिली.

गाडीत इरा माझ्या कानाशी लागली. "मी सांगितलं, तुम्ही मला दिलेली पोळी माझ्या हातून पडली, मी पाहिलं नाही. प्लीज, तुम्ही काही बोलू नका."

आणि मी बोललो नाही. त्या तरुण बाईसमोर, या वयात, मान खाली घालायची मला लाज वाटली. नातीने घातली ती मात्र मी बघत बसलो. संध्याकाळपर्यंत मी मूग गिळून बसलो होतो. उमे दोनदा तरी पुन्हा रस्त्याच्या कडेला आली.

स्टेशनवर निरोप घेताना मोरी-सान माझ्याकडे वळून सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची नात प्रामाणिक आहे. चूक झाली, लगेच सांगितली. पुढच्या वेळी ॲन्टेना तिच्या हातात देणार."

इराच्या तोंडावर आनंद दिसेल असं वाटलं होतं. ती जमिनीकडे बघत होती. मला ते सहन होईना. "पोळी माझी होती," मी इंग्रजीत म्हणालो. "ती पडली नव्हती, मी ठेवली होती." इराने माझी बाही ओढली, पण तोवर मी सगळं सांगून मोकळा झालो होतो.

मोरी-साननी वही काढून दुपारची नोंद खोडली. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, आभारी आहे. तुम्हाला नियम नीट कळला नसेल." कळला होता. तेही मी दुरुस्त केलं नाही. मग त्या इराशी बोलल्या, न रागावता, तिच्याइतकं खाली वाकून. इराने दंडावरची हिरवी पट्टी सोडली, दोन्ही हातांत धरली आणि त्यांना देऊन टाकली.

आगगाडीत मी विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"पोळीचं काही नाही म्हणाल्या. पण मी जे झालं नाही ते सांगितलं, आणि त्यांनी ते लिहिलं. असं करणाऱ्याला नोंदीच्या कामात घेता येत नाही. एक वर्ष नाही."

"बाळा, मला राहवलं नाही गं."

"हो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुम्हाला राहवलं नाही."

ते एकच वाक्य मी जपानहून घेऊन आलो आहे. गप्प बसलो तेव्हा स्वतःची अब्रू सांभाळत होतो. बोललो तेव्हाही स्वतःचंच मन हलकं करत होतो. दोन्ही वेळा किंमत तिने मोजली. लोक विचारतात, जपान कसं वाटलं? मी स्वच्छता सांगतो, वेळेवर धावणाऱ्या गाड्या सांगतो. माकडांचं कोणाला सांगत नाही, आणि इराही माझ्याशी माकडांबद्दल बोलत नाही.

दर रविवारी मात्र तिचा व्हिडिओ कॉल येतो. माझी जेवणाची वेळ असते. घास कठड्यावर ठेवलेला तिला दिसतो. गेल्या रविवारी तिने विचारलं, "आजोबा, कावळ्याने नेला?"

कठडा रिकामा होता. कावळाच नेणार, दुसरं कोण? "हो" अगदी ओठांवर आलं होतं.

"ठाऊक नाही गं," मी म्हणालो. "मी आत पाणी आणायला गेलो होतो. पाहिलं नाही."

ती पडद्यातून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओके, आजोबा." मी मान खाली घालून जेवायला लागलो.