ड्रॉवरमधला हुकाचा कागद

माझ्या साडूला सगळे वस्ताद म्हणतात. तो प्लंबर आहे, म्हणजे होता. आता गुडघ्यांनी दगा दिला आहे. माझ्या बायकोची मोठी बहीण ही त्याची बायको, आमची ताई. आमची लग्नं एका वर्षाच्या अंतराने झाली आणि तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमच्या स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं ठिबकत होता. मी खाली वाटी ठेवायचो, फडकं गुंडाळायचो. वस्ताद एका रविवारी आला, बसायच्या आधीच ओट्याशी गेला, खिशातून वायसर काढला आणि चार मिनिटांत नळ गप्प केला. "साडूबुवा, आता झोप लागायची नाही तुम्हाला. सोबत गेली ना!" बायको एवढी हसली की तिला ठसका लागला. माझ्या एकाही वाक्यावर तिला कधी ठसका लागलेला नाही.

मी गाड्या विकणाऱ्या एका दुकानाच्या वर्कशॉपमध्ये वॉरंटीच्या टेबलावर होतो. गाडी बिघडली की दुरुस्ती कंपनीच्या गळ्यात की मालकाच्या, याचे कागद माझ्या हातून जायचे. वस्तादने त्याची पांढरी बंद व्हॅन आमच्याकडूनच घेतली. धंद्याची गाडी, आत पाइप, पाने, बेसिनं. आणि वर्षभरात त्या व्हॅनच्या मागे त्याने कॅरॅव्हॅन जोडली.

जुनीच होती. दोन चाकांवरची खोली म्हणा ना. ताईने पडदे शिवले, वस्तादने आत गरम पाण्याचा नळ बसवला. बायको पाहून आली आणि दोन दिवस तेच पुराण. "अहो, पलंग उचलला की खाली कपाट! आणि खिडकी अशी बाहेर उघडते."

"धंद्याच्या गाडीला असलं शेपूट लावू नये," मी म्हणालो. "वॉरंटी जाते."

"भाऊजींनी सगळं विचारून घेतलंय."

घेतलंच होतं, आणि तेही मलाच विचारून. ठरलेल्या वजनापर्यंत ओढायला कंपनीची हरकत नव्हती. पण ओढायचा हूक बाहेरून बसवला, तर आमच्या मेकॅनिकने तो तपासून फॉर्मवर सही करायची आणि फॉर्म तीस दिवसांत कंपनीकडे पोचायचा. नाही पोचला, तर इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी संपली. वस्तादचा हूक ओळखीच्या वेल्डरने बसवला होता. मेकॅनिक व्हॅनखाली शिरला, "दणकट आहे," म्हणाला आणि सही करून मोकळा झाला. वस्तादने फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. "साडूबुवा, तुमच्या हातात दिला म्हणजे पोचलाच."

मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला, पंचिंग मशीनखाली. उद्या पाठवू म्हटलं. त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "आपण कधी घेणार हो असं काही?" दुसऱ्या दिवशी मी पाठवला नाही. तिसऱ्याही नाही. विसरलो नव्हतो, पंचिंग मशीन रोज लागायचं. एकतिसाव्या दिवशी ड्रॉवर उघडला, कागद पाहिला, बंद केला आणि चहाला गेलो. चहा छान लागला, हेही लिहून ठेवतो.

चार महिन्यांनी वस्तादने आम्हाला दोन दिवस तळ्याकाठी न्यायचं ठरवलं. बायकोने आठवड्याचे कपडे भरले. तो घ्यायला आला, आणि आमच्याच गल्लीच्या चढावर व्हॅनमधून आवाज आला, डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. गाडी थांबली ती थांबलीच. शेजारची सहा माणसं जमली आणि कॅरॅव्हॅन सोडवून, ढकलत आमच्या फाटकाशी लावली. व्हॅन न्यायला क्रेन आली. "इतके दिवस हिने ओढलं, आज हिला ओढा," वस्ताद म्हणाला. सगळे हसले. मग मला बाजूला घेऊन, पहिल्यांदाच चेष्टा न करता, तो म्हणाला, "एका शाळेचं काम घेतलंय. व्हॅन उभी राहिली तर ते जाईल. नवा गिअरबॉक्स मला झेपायचा नाही. वॉरंटी आहे म्हणून धीर आहे, साडूबुवा."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला. "बेअरिंग मुळातच खराब निघालं. ओढण्याचा काही संबंध नाही. हुकाचा फॉर्म गेलाय ना? मीच सही केली होती."

"हो," मी म्हणालो. म्हणजे सहीला हो.

फॉर्म ड्रॉवरमध्ये तसाच होता. फक्त मशीनच्या गंजाचा चौकोन त्यावर उमटला होता. मी तोंडाला कुलूप लावून बसलो असतो तर क्लेम नाकारला गेला असता, वस्तादला कॅरॅव्हॅन विकावी लागली असती आणि पडद्यांचं पुराण संपलं असतं. हा विचार मनात आला आणि चांगला मिनिटभर बसून राहिला. मग त्याचं 'वॉरंटी आहे म्हणून धीर आहे, साडूबुवा' हे वाक्य आठवलं आणि मी दुपारच्या सुट्टीत शाळेवर गेलो.

वस्ताद हातगाडीवरून पाइप उतरवत होता. सकाळपासून तिसरी खेप, म्हणाला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"वस्ताद, तो फॉर्म गेलाच नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये होता."

"विसरलात?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दार त्यानेच उघडून दिलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "ठेवला."

तो पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळत होता. गुंडाळतच राहिला, नको तेवढी. "का हो?"

"माझी बायको तुमच्या बोलण्यावर हसते."

"अहो, माझी हसत नाही!" तो ओरडलाच. "इतक्या वर्षांत एकदा नाही! ती तुमचं नाव घेते. 'माझ्या बहिणीचा नवरा बघा, कागद कसे जागच्या जागी!'" मग जास्तीची टेप उलगडत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "होता म्हणा जागच्या जागी. आता काय करायचं ते करा, मला व्हॅन पाहिजे. आणि आज माझ्यासमोर थांबू नका."

मी कंपनीला पत्र लिहिलं. सही मुदतीत झाली होती, फॉर्म मी जाणूनबुजून ठेवला, मालकाचा दोष नाही. सोबत बेअरिंगचे फोटो आणि मेकॅनिकचा अहवाल. तीन आठवड्यांनी क्लेम पास झाला. माझं टेबल गेलं. मला स्पेअर पार्टच्या खिडकीत बसवलं. घरी सांगितलं, वयामुळे हलकं काम दिलं. शाळेचं काम वस्तादने हातगाडीवर रेटून नेलं, पण वेळेत केलं.

ते तीन आठवडे कॅरॅव्हॅन आमच्या फाटकाशीच होती. बायको सकाळचा चहा तिच्यात बसून घ्यायची, पडदा सारून मला हाक मारायची, "या ना आत!" मी गेलो नाही.

वस्ताद हा किस्सा अजून सांगतो. क्रेन, सहा माणसं, चढावरचा खडखडाट. त्याच्या किश्शात फॉर्म ऑफिसातल्या उंदराने पळवला. उंदीर म्हणताना तो माझ्याकडे चुकूनही बघत नाही. माझी बायको डोळे पुसेपर्यंत हसते आणि ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा "साडूबुवा, जरा पाणी आणा," म्हणून त्याने मला उठवलं. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी गावभर केलं असतं. म्हणजे हेही त्यालाच जमतं.

म्हणून आज उंदीर काढून ड्रॉवर लिहिला. वस्ताद सांगतो तसा रंगला नाही, मला दिसतंय. बायको आतल्या खोलीत चष्मा शोधते आहे. सापडला की हे कागद तिच्या हातात देणार आहे. रागावेल, तिचा हक्कच आहे. पण कुठेतरी एकदा हसलीही पाहिजे. नळाच्या जागी नको. तिथे तो हसवतो.