पुसून टाकलेली रेघ

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मला परदेशातल्या एका रेडिओ दुर्बिणीच्या जुन्या नोंदी तपासायला मिळाल्या. अशी दुर्बीण तारे बघत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. माझ्या मार्गदर्शक सरांनी दिलेली हार्ड डिस्क पळस्प्याजवळच्या आमच्या घरी कॉम्प्युटरला जोडून मी दुपारभर बसायचे. मोबाइल, विमानं, रडार यांचा गोंगाट ओळखायचा आणि काढून टाकायचा, एवढंच काम.

एका दुपारी पडद्यावर तिरकी रेघ दिसली. वरच्या फ्रिक्वेन्सी आधी पोचलेल्या, खालच्या मागाहून, आणि सगळं सेकंदभरात संपलेलं. फार लांबून आलेल्या लहरींतल्या खालच्या फ्रिक्वेन्सी अशाच रेंगाळतात, हे मी शिकले होते. गणित तीनदा केलं. तिन्ही वेळा उत्तर आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचं.

दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट घेऊन कॉलेजात गेले. सरांनी चष्माही लावला नाही.

"पुन्हा दिसली का?"

"नाही सर. एकदाच."

"मग गोंगाट. काढून टाक."

"पण सर, उशीर बघा ना–"

"आधी प्रकल्प पुरा कर, विश्व मग शोध. माझी सही हवीय ना?"

घरी येऊन मी ती फाइल माझ्या हाताने पुसली. मिठागरात हयात घालवलेले बाबा शेजारीच बसले होते.

"काय झालं गो?"

"सर म्हणाले, ते खरं नाय."

"पन तेंनी बगितलं तरी का?"

मी डिस्कची वायर काढली. डिस्क परत गेली, तिच्यावर दुसऱ्याच नोंदी भरल्या गेल्या; जुन्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सही मिळाली. मी पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागले. काही वर्षांनी वर्तमानपत्रात बातम्या यायला लागल्या. नव्या रेडिओ दुर्बिणी एका वेळी आकाशाचा मोठा भाग बघतात, आणि दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या अशा क्षणभराच्या लहरी त्यांना सापडू लागल्या आहेत. आनंद व्हायला हवा होता. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास सर पनवेलला व्याख्यानाला आले. मी तिसऱ्या रांगेत होते.

"असा संकेत आमच्याकडेही आला होता," सर रंगात येऊन म्हणाले. "मी तेव्हाच ओळखला होता. पण एका विद्यार्थिनीने निष्काळजीपणे तो पुसून टाकला."

सभागृह हळहळलं. मी उभी राहिले.

"ती मी, सर. पुसायला तुम्हीच सांगितलं होतं."

सर हसले. "बघा, विद्यार्थी आपल्याला विसरत नाहीत!"

टाळ्या पडल्या. संयोजकांनी घाईने शाल-श्रीफळ उरकलं.

ती लहर खरी होती, असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. रडारचीही असेल. तपासायला त्या प्रिंटआउटशिवाय काही उरलंच नाही, आणि ते मीच उरू दिलं नाही.

पुढच्या वर्षी सर पुन्हा आले. मी गेले नाही. कळलं, की तो किस्सा त्यांनी परत सांगितला आणि त्यातली विद्यार्थिनी आता आणखी बावळट झाली होती.