दिव्याखालचे ठिपके

जीवाश्म झालेला शंख उजेडात नुसता पांढरा दिसतो. मग त्याच्या टोकाची उंची आणि खांद्यावरच्या गाठी बघून आम्ही प्रजाती ठरवतो. कच्छहून आणलेल्या माझ्या शंकूसारख्या शंखाची मी तशीच ठरवली होती, वर्गात वर्षानुवर्षं ठासून सांगितलीही होती.

काल वसुधाने, माझ्याच विभागातल्या मैत्रिणीने, तो जांभळ्या दिव्याखाली ठेवला. त्या दिव्यात, उडून गेलेल्या रंगाची जागा उजळते. पडदे ओढून ती म्हणाली, "ये गं, आधी तू बघ. शंख तुझा आहे."

शंखभर ओळीने ठिपके पेटले होते. मी ठरवलेल्या प्रजातीला ठिपके नसतात, पट्टे असतात.

लाखो वर्षं मातीखाली राहूनही रंग आपली जागा सोडत नाही. वसुधाचा हेवा मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा कबूल केला नव्हता. तोही जागचा हलला नव्हता.

"मला नाही बाई काही दिसत," मी म्हणाले.

"डोळे सरावू देत. या दिव्याची सवय व्हायला मलाही वेळ लागला होता." माझ्या खांद्यावर हात ठेवून ती अंधारात थांबली.

माझे डोळे केव्हाच सरावले होते. तरी मी तिला बराच वेळ तसंच उभं ठेवलं.