लाल रेघेच्या आत अनवाणी

सोनबा पिंपळे गुरवचा, पण पलटणीत त्याची ओळख एका लाल रेघेपुरती होती. १९५५च्या सुमारास देहूरोडच्या पुढे एका माळावर टेहळणीची लहान विमानं उतरत. कापडानं मढवलेली, नाकाशी लाकडी पंखा. विमान उभं राहायचं त्या फरशीवर सुभेदार लक्ष्मणरावांनी पंख्याभोवती लाल रेघ मारून घेतली होती. कामाशिवाय कोणाला आत सोडायचं नाही, एवढंच सोनबाचं काम.

"गरम इंजिन म्हणजे मारकी म्हैस," सुभेदार शिकवत. "बंद दिसलं तरी पंख्याला हात लावला की लाथ घालतं."

सोनबाला हे लगेच पटलं. म्हैस त्याच्या घरी होती.

खंडेनवमीला वैमानिक साहेब एक फेरी मारून उतरले, इंजिन बंद झालं आणि पूजेची घाई सुटली. जवानांची बायकामुलं आली होती. पूजेला पायताण घालून कसं जायचं? ते बाहेर काढायला हवं, आणि बाहेर म्हणजे कुठं, तर लाल रेघ आयती होतीच. सगळ्यांनी तिच्या काठानं बूट-चपला ओळीत मांडल्या आणि अनवाणी आत गेले. ती रेघ इतक्या शिस्तीनं आजवर कोणी पाळली नव्हती.

ओवाळायचा मान सोनबाच्या बायकोला, गोजाबाईला मिळाला. ओवाळून झालं की तिनं पंखा हातानं एकदा फिरवायचा, म्हणजे यंत्राचा मुहूर्त झाला. सोनबा सुभेदारांपुढं जाऊन उभा राहिला.

"सायेब, इंजिन गरम हाय."

"अरे, आज तरी?"

"कालच शिकवलं की तुमी!"

"काल होता परेडचा दिवस. आज देवाचा आहे."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "सोनबाभाऊ, बायकोला मान मिळतोय ते बघवंना व्हय?" गोजाबाईचा हात पंख्याकडे गेला.

"सुतक हाय!" सोनबा ओरडला. "आमाला सुतक हाय. भिमाजी चुलते वारले. सकाळीच सांगावा आला."

भिमाजी चुलते त्या घडीला पिंपळे गुरवला म्हशीच्या अंगावर पाणी ओतत होते. गोजाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. चारचौघांत त्याला खोटं कसं पाडणार? ताट खाली ठेवून ती बाहेर आली. आतले लोक लगबगीनं मागं सरले. पंख्याला न भिणारी माणसं सोनबाला भ्याली.

"मुहूर्त चुकवायचा नाही," सुभेदार म्हणाले. गोमूत्र शिंपडून त्यांनीच पंख्याला हात घातला.

"सायेब, हात काढा!"

पंख्यानं एकच हिसडा दिला. झेंडूची माळ उडून गोजाबाईच्या पायाशी पडली. सुभेदारांची बोटं शोधायला मग सगळे बूट घालून आत गेले.

दवाखान्यात पडल्या पडल्या सुभेदारांना कारण सापडलं. सुतकी माणसं रेघेच्या आत आली, म्हणून झालं. पलटणीला ते ताबडतोब पटलं. गरम इंजिनाचं नावही कोणी काढेना. सोनबाच्या हातचं पाणी पिताना लोक विचारात पडू लागले, आणि त्याला त्यांच्याकडे बघूनच शिसारी येऊ लागली.

घरीही तीच तऱ्हा. "जित्या माणसाला मारलंत, त्याचंच फळ मिळालं," गोजाबाई म्हणाली. चुलते म्हणाले, "माझं धाव्वं कुठं घातलंस रं? मला बी बोलवायचं व्हतं."

पुढच्या खंडेनवमीला मात्र पलटणीनं खबरदारी घेतली. लाल रेघ नव्यानं रंगवली, तिच्यावर सोनबाऐवजी दुसरा शिपाई उभा केला. तो येणाऱ्या प्रत्येकाला विचारी, "घरात सुतक नाही ना?" नाही म्हटलं की बूट काढून आत सोडी. सुभेदार शाबूत हातात ताट घेऊन उभे होते. इंजिन नुकतंच बंद झालं होतं. मान पुन्हा गोजाबाईचाच, कारण मागचा दोष निवारायचा होता.

"सोनबा, सुतक?"

"हाय."

"कोण वारलं?"

"चुलते."

"ते तर मागंच वारले ना?"

"मग आता दुसरे."

शिपाई घाईनं मागं सरला. सोनबानं गोजाबाईला मनगटाला धरून माळाबाहेर काढलं. घरापर्यंत ती तोंडातल्या तोंडात शिव्या देत होती. मग रागारागानं भाकरी थापायला बसली, आणि दोन्ही हातांचा तो धप धप आवाज ऐकत सोनबा उंबऱ्यात बसून राहिला.

"आनखी एक थाप," तो म्हणाला.

"पोट हाय का पखाल?"

तिनं थापली. त्यानं ती भाकरी म्हशीला घातली.