न्हाऊन आलेली वीट

अक्कांनी पिशवीतून चांदीची वीट काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्यात मला वरची ट्यूबलाइट दिसली. शेजारी बेंगळुरूहून आलेले संग्राहक बसले होते. त्यांनी खिशातून काढलेलं भिंग तसंच परत ठेवून दिलं.

मी सोलापुरात सोन्या-चांदीचा व्हॅल्युअर आहे. बँका, कोर्ट, वाटण्या करणारी भावंडं, सगळ्यांना वस्तूची किंमत काढून देतो. बहुतेक वेळा काम सरळ असतं. वजन करायचं, टंच काढायचा, म्हणजे चांदी किती शुद्ध ते बघायचं, आणि त्या दिवसाच्या भावाने गुणायचं. ही झाली मोडीची किंमत. जुन्या विटेचं गणित मात्र कधीकधी वेगळं निघतं.

महादेवीअक्कांची वीट तशी होती. मागच्या खेपेला त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ सिद्धाराम ती घेऊन आले, तेव्हा ती काळपट आणि ओबडधोबड होती. वर कधीच बंद पडलेल्या एका रिफायनरीचा सूर्याचा शिक्का, खाली नंबर, कडेला ओतताना थिजलेल्या चांदीच्या रेघा. अशा विटा लोकांनी भाव वाढला तशा वितळवून टाकल्या. उरलेल्यांना हौशी माणसं मोडीच्या कितीतरी पट देतात. अट एकच, अंगावरचा काळा थर शाबूत हवा. आमच्यात त्याला पॅटिना म्हणतात. शिक्का खोटा मारता येतो, पण भिंगाखाली टिकेल असा थर वर्षांशिवाय चढत नाही.

दोघांचा प्रश्न घराचा होता. भवानी पेठेतल्या वडिलांच्या दोन खोल्यांत अक्का एकट्या राहत. नवरा गेल्यावर माहेरी परतल्या, साड्यांना फॉल-पिको करून पोट भरत. सिद्धाराम पुण्यात नोकरीला, त्याला फ्लॅट घ्यायचा होता. ठरलं असं, की वीट संग्राहकाच्या किमतीला गेली तर ते पैसे सिद्धारामचे आणि घर अक्कांचं. मोडीने गेली तर घर विकून वाटणी. मी बेंगळुरूला फोटो पाठवले, त्या गृहस्थांनी आकडा सांगितला, आणि घर वाचलं असं आम्ही तिघंही धरून चाललो. जाताना मी बजावलं होतं, चिंच लावायची नाही, राख लावायची नाही, घरी घासायची नाही.

"अक्का, हे काय केलंत?"

"तुमी म्हणलाव त्यातलं काय बी लावलं न्हाय की," त्या म्हणाल्या. "सराफ बाजारात मशीनवर देऊन आणली. दर दिवाळीला पुजलेली लक्ष्मी हाय ती. लेक सासरी धाडताना न्हाऊ घालूनच धाडतो की आपण. काळ्या अंगानं कशी जाऊ द्यायची?"

विटेच्या मधोमध हळदीकुंकवाची ताजी बोटं होती. मला आधी संताप आला. मग वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

मशीनवर म्हणजे बफिंग. फिरत्या कापडी चाकाला मसाला लावून त्यावर वस्तू धरतात. चाकाने थर तर नेलाच, सूर्याचे किरणही बोथट केले आणि नंबराचा शेवट पुसट करून ठेवला. संग्राहक भले गृहस्थ. ते अक्कांशी 'अव्वा' म्हणत कन्नडमध्ये हळू आवाजात बोलले, वीट छान झाली आहे म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"चांदी मला कुठेही मिळते. ही वीट मिळत नव्हती."

अक्कांनी आग्रह केला म्हणून चहा तेवढा घेतला आणि गेले.

अक्कांसोबत आलेल्या सिद्धारामने मला दाराबाहेर नेलं. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी करता येते ना, असं विचारलं. दुसरं गिऱ्हाईक बघू म्हणाला. काळी होते. बाजारात असले उद्योग चालतातही. पण तो काळेपणा जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही, आणि सुटला तरी रिपोर्टवर सही माझी असते. मी नाही म्हणालो. तो चिडला नाही, आत जाऊन बहिणीसमोर खाली मान घालून बसला. सांगायची वेळ त्याच्यावर आलीच नाही.

"घर कवा रिकामं करायचं?" अक्कांनीच विचारलं.

वीट मोडीत काढली त्या दिवशी त्या भट्टीपाशी आल्या होत्या. कारागिराने कुंकू पुसायला फडकं घेतलं.

"ऱ्हाऊ द्या की," अक्का म्हणाल्या. "तसंच जाऊ दे."

त्याने राहू दिलं. पाठोपाठ घरही गेलं. अक्का आता अक्कलकोटला मावसबहिणीकडे असतात.

हल्ली जुनी वीट आली की सौदा होईपर्यंत मी ती मालकाला परत घरी नेऊच देत नाही. माझ्यासमोर सील करून थेट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला लावतो. चोरीची भीती का, असं लोक विचारतात. मी हो म्हणतो. पण चोराने निदान ती घासली नसती.