सुंदराबाईच्या मळ्यातला मुळा

सुंदराबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. मटण-मासळी सोडाच, शेजारी अंडं उकडलं तरी बाई नाकाला पदर लावायची. मांजरी गावाला नदीकाठी तिचा भाजीमळा. हडपसरच्या बाजारात मी तिच्या शेजारी मिरची-लिंबं घेऊन बसायचे. तिचा पालक, मुळा असा टवटवीत, की गिऱ्हाईक आधी तिच्याकडं वळायचं. मी जळायचे, खोटं कशाला बोलू?

टवटवीत का नसंल? रोज पहाटे मळ्यातल्या हौदात बुचकळून आणायची. हौदात मोटारीनं ओढलेलं नदीचं पाणी. खडकवासल्याचं गोड पाणी शहराला, अन् शहरानं वापरून सोडलेलं आम्हाला, असा न्याय हाय. त्यात काठानं टोलेजंग इमारती उठल्या. बांधणाऱ्या मजुरांना संडास द्यायचं कुणाला सुचलं न्हाई. मग जायचं कुठं त्यांनी? नदीवरच.

तिला एकच लेक, वैष्णवी. लई नवसाची. शाळेतून आली की दप्तरासकट मळ्यात. सुंदराबाई कवळा मुळा उपटायची, हौदात खळाळून लेकीच्या हातात द्यायची. पोरगी कराकरा खायची, अन् ही बघत बसायची.

आठवीत पोरीचं डोकं दुखायला लागलं. मग फिट आली. बाप रंगराव म्हणाला, बाहेरचं हाय. देवऋषी झाला, गंडे झाले, त्यात वरीस गेलं. शेवटी मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीण म्हणाली, "मेंदूत जंत आहेत. डुकराच्या मांसातून होणाऱ्या जंताची अंडी पोटात गेली आहेत."

रंगराव खवळला. "अहो बाई, माळकरी घर हाय आमचं!"

"मांस खावंच लागत नाही. ज्याला तो जंत असतो, त्याच्या शौचातून अंडी पाण्यात जातात. पाण्यातून भाजीवर. मुलगी कच्चं काय खाते?"

"मुळा," सुंदराबाई म्हणाली. "मीच देते, हौदात खळाळून."

भावकीत कुजबुज सुरू, पोरीनं चोरून खाल्लं असणार. जळली मेली ती तोंडं! औषध चालू झालं, पण उशीर झाला होता. एका दुपारी फिट आली ती थांबलीच न्हाई. गेली पोर.

तेराव्यानंतर सुंदराबाई बाजारात आली. येईल नाही तर काय करील? मळ्याला दुसरं पाणी न्हाई अन् पोटाला दुसरा धंदा न्हाई. हौदाला मात्र तिनं हात लावला नव्हता. मुळा मातीसकट आणलेला. ज्याला त्याला सांगायची, "शिजवून खावा, बाई."

एक शहरी बाई हसली. "कोशिंबीर शिजवतात का हो, मावशी?" तेवढ्यात तिच्या लेकीनं एक कवळा मुळा उचलला, फ्रॉकला पुसला अन् कराकरा चावला.

सुंदराबाईनं झडप घातली. पोरीचं तोंड धरून आत बोटं घातली. पोरगी किंचाळली. आई ओरडली, "वेड लागलंय का हिला?" चार माणसं धावली. मी मागून धरत होते, पण ती आवरंना. डोळ्यांतून धारा लागलेल्या, अन् त्या परक्या पोरीला गदागदा हलवत म्हणत होती, "थुंक गं वैष्णे, थुंक! माझ्या हातचं खाऊ नगं, थुंक!"