पागेकाकांचा तळहात

पागेकाकांना कुठलंही चालतं यंत्र दिसलं की ते आधी त्यावर तळहात ठेवायचे. आमचा फ्रिज, शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर, डॉक्टरांची स्कूटर, काहीही. डोळे मिटून मिनिटभर उभे राहायचे आणि मग बेअरिंग गेलंय की अजून वर्षभर धकेल ते सांगायचे. "आधी हात, मग पाना," हे त्यांचं पालुपद. तीस वर्षं मिलमध्ये कापड विणायचे लूम दुरुस्त करता करता त्यांचे कान निकामी झाले होते, तेव्हा यंत्राचं म्हणणं ते हातानं ऐकत. माणसं जोरात बोलली की ऐकू यायचं. काकू मात्र कितीही जोरात बोलल्या तरी येत नसे.

मल्हारगंजात ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. शहरात नव्या गाड्या आणि रंगीत टीव्ही येऊ लागले, त्याच सुमारास त्यांची मिल बंद पडली. काका घरी बसले आणि गल्लीतल्या सगळ्या प्रेशर कुकरांच्या शिट्ट्या दुरुस्त करून झाल्यावर अगदीच रिकामे झाले. काकू माझ्या आईला सांगायच्या, की यांना झोपच लागत नाही, पहाटेपर्यंत छताकडे बघत पडलेले असतात.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं, सुधाचं लग्न ठरलं. ती नोकरीला अमरावतीला, मुलगाही तिथलाच, म्हणून लग्नही तिथेच. तारीख ठरली आणि पंधरा दिवसांत आई जिन्यावरून पडली. पाठीच्या मणक्याला मार बसला. महिन्याभरात ती घरात हळूहळू चालायला लागली, पण दहा मिनिटांच्या वर बसता येईना. रेल्वेनं जायचं तर खंडव्याला गाडी बदला, पूल चढा, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आडवं झोपवून न्या, पण झटका बसता कामा नये. आईनं सरळ सांगून टाकलं की तारीख पुढे ढकलू नका, मी इथूनच अक्षता टाकीन. हे म्हणताना ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि मला ते सहन होत नव्हतं.

माझ्याकडे एक म्हातारी जीप होती. मी बियाण्याच्या एका कंपनीत होतो. सांवेरच्या शेतांमधून सोयाबीनचं बी पोचवून पोचवून खिळखिळी झालेली ती जीप कंपनीनं नवी गाडी घेतल्यावर माझ्या गळ्यात मारली. तिच्यात बसलं की धडधाकट माणसाची पाठ धरायची. मी ती काकांना दाखवली. काकांनी बॉनेटवर हात ठेवला, मग चाकाशी उकिडवे बसून तिथे ठेवला आणि म्हणाले, "अरे भिया, वहिनी लग्नाला जाणार. एक हफ्ता टाइम दे."

पहिल्या आठवड्यात काकांनी घोळ घातला. लूममध्ये काही हललं की कापड बिघडतं, म्हणून तिथे फिटर जे दिसेल ते आवळतो. काकांनी जीपचा नट न नट आवळला. खडखड पार थांबली. आम्ही मोठ्या खुशीत राजवाड्यापर्यंत चक्कर मारली आणि प्रत्येक खड्डा थेट टाळूत जाऊन लागला. परतल्यावर काका ओट्यावर बसून राहिले. लग्नाला नऊ दिवस राहिले होते. मी म्हटलं, जाऊ द्या काका, तुम्ही पुष्कळ केलंत. त्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नसावं.

सकाळी पाहतो तर ते जीपखाली आडवे. "लूम जमिनीला बांधायचा असतो," खालूनच ओरडले, "गाडीला सैल सोडावं लागतं. इतनी सी बात समझायला सारी रात गेली." चाकांवरच्या पोलादी पाट्यांच्या कमानी त्यांनी उतरवल्या. ओझ्यासाठी बसवलेले जाड पाटे एकेक करून कमी केले, उरलेल्यांत ग्रीस भरलं. मागची बाकं काढून तिथे नवारीची छोटी खाट टांगली. टांगायला वापरला मिलमधला चामड्याचा पट्टा. मिल सुटताना ती एकच वस्तू ते घरी घेऊन आले होते आणि काकूंना तिला हातही लावू देत नसत. तो पट्टा त्यांनी कापला तेव्हा काकू दारात उभ्या होत्या.

मिलमध्ये रिवाज होता, ज्यानं खोललं त्यानं आधी चालवायचं. फिटर स्वतः लूम चालवून बघे आणि मगच विणकराच्या हाती देई. त्या रिवाजानुसार आईच्या जागी आधी काका झोपणार होते. ते खाटेवर आडवे झाले आणि मी सांवेरच्या खराबातल्या खराब रस्त्याला जीप घातली. अधूनमधून ओरडून विचारत होतो, झटका बसतोय का? उत्तर नाही. सांवेरला थांबून मागे गेलो. काका डोळे मिटून निपचित. मी त्यांच्याच सारखा तळहात त्यांच्या छातीवर ठेवला. आत सगळं व्यवस्थित चालू होतं. काका घोरत नव्हते एवढंच, बाकी गाढ झोपले होते. परतताना मी जीप अशी चालवली, जणू मागे काचेचं सामान आहे. गल्लीत शिरल्यावर काकूंनी आत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "उठवू नकोस," म्हणाल्या. दुपारभर जीप दारातच उभी होती.

अमरावतीला जाताना काका मागे आईजवळ बसले, एक हात खाटेच्या दांडीवर. लूमच्या गोंगाटात मिलची माणसं हातानंच बोलायची. काकांनी मला दोन खुणा शिकवल्या होत्या. आडवा तळहात म्हणजे हळू, हवेत गोल फिरणारं बोट म्हणजे चालू दे. मी आरशात बघत बघत सिमरोलचा घाट उतरलो. तळहात दिसला की ब्रेक, बोट दिसलं की पुढे. बडवाहपर्यंत तळहातच जास्त दिसला. आई "काही नाही, काही नाही" म्हणायची, पण दांडीवर ठेवलेल्या हाताला तिचं अंग आखडलेलं कळायचं. नर्मदेचा पूल ओलांडल्यावर मात्र आरशात सारखं ते बोट फिरताना दिसू लागलं. बऱ्हाणपूरला आईला जाग आली तेव्हा तिनं चहा मागितला. पडल्यापासून तिनं आपण होऊन काही मागितलं, ते हे पहिलंच.

दुसऱ्या दिवशी आई सुधाच्या मागे स्वतःच्या पायांवर उभी राहिली. अंतरपाट दूर झाला, बँड दणक्यात सुरू झाला, कोणाचं कोणाला ऐकू येईना. मला धास्ती, ती फार वेळ उभी आहे. तेवढ्यात मांडवाच्या टोकाला, गर्दीच्या डोक्यांवरून काकांचा हात वर आला. तळहात आडवा होता, प्रश्नासारखा. आईनं तो पाहिला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. अक्षतांनी भरलेली मूठ तिनं सुधावर रिती केली आणि तोच हात वर करून हवेत बोट गोल फिरवलं.